नलिनीताई आणि सुनंदाबाईंचा वर्ग

डॉ. नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट सिंगापुरात, क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठात, त्यांच्या खोलीत झाली. मी पुण्याहून इतिहासात संशोधन करायला आलो होतो. सोळाव्या शतकात इंग्लंडवर राज्य केलेल्या राणीचा काळ हा ताईंचा विषय. दरबार, मंत्री, राणीचं न झालेलं लग्न, अशी बरीच तयारी करून मी गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका खेड्यातल्या चर्चच्या जुन्या नोंदींच्या प्रती माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाल्या, "दरबार नंतर. आधी इथे कोणी कोणाचं नाव सांगितलंय ते बघ."

त्या राणीच्या राज्यात रविवारी चर्चला जाणं सक्तीचं होतं. जुन्या कॅथलिक पंथावर श्रद्धा असलेली माणसं गैरहजर राहत आणि गावातलेच कारभारी त्यांची नावं वर कळवत. ताईंनी आपलं आयुष्य या नावं कळवणाऱ्यांच्या अभ्यासात घालवलं. ही माणसं दुष्ट नव्हती, शेजाऱ्याच्या घरी अडीअडचणीला धावणारीच होती, हे त्यांनी कागदोपत्री दाखवून दिलं.

विद्वत्तेइतकंच त्यांचं मनही मोठं. क्लेमेंटीतल्या भाड्याच्या खोलीत मी डेंग्यूनं पडलो होतो, तेव्हा त्या आठवडाभर रोज बसनं येत. डब्यात भाताची पेज असे. मी ती पिईपर्यंत शेजारी बसून माझ्या प्रबंधाचं प्रकरण तपासत आणि जाताना चुका सांगून जात. पुढे मी संशोधन अर्धवट सोडून बँकेत लागलो, त्याबद्दलही त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत.

इथवरचा मजकूर कुठल्याही गौरवग्रंथात शोभेल. यापुढचा शोभणार नाही, पण तो इथल्या आपल्या मराठी मंडळातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे आणि नव्यांना ठाऊक असायला हवा.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅम्पिनीसमध्ये आपल्या मंडळाचा मुलांसाठी मराठीचा वर्ग चाले. तो सुनंदाबाई घेत. त्यांचे यजमान बोटीवर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. मुलं इथल्या इंग्रजी बोलीत "टीचर, टू डिफिकल्ट ला" म्हणत, तरी सुनंदाबाई त्यांच्याकडून बाराखडी घोटून घेत. माझी मुलगी त्यांच्याच हाताखाली मराठी वाचायला शिकली. मी तेव्हा मंडळाचा सचिव होतो. एका रविवारी सकाळी मी त्यांना शेजारच्या चिनी बाईंबरोबर चर्चमधून बाहेर पडताना पाहिलं. त्यांनी मला पाहिलं नाही. संध्याकाळी अध्यक्षांचा कशासाठी तरी फोन आला, तेव्हा बोलता बोलता मी ते सांगितलं. बातमी होती, सांगावीशी वाटली, एवढंच.

महिन्याभरात समितीची बैठक झाली. सुनंदाबाईंनी धर्म बदलला आहे, त्या मुलांवर काय संस्कार करणार, असा प्रश्न निघाला. सुनंदाबाई तिथेच बसल्या होत्या. धर्म बदललेला नाही, तिथे बसलं की बरं वाटतं, गणपतीही घरी बसवतेच, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ते कोणी ऐकून घेतलं नाही. ताई सल्लागार म्हणून आल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "यांना तिथे पाहिलं कोणी?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी समोरच्या कागदांकडे. ताईंना तेवढं पुरलं. त्यांच्याच हाताखाली मी दोन वर्षं तसल्या नोंदी वाचल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "सुहास, तू तरी?" एवढं बोलून त्या उठल्या, सुनंदाबाईंचा हात धरला आणि दोघी निघून गेल्या. वर्ग काढून घेतल्याचं पत्र सचिव या नात्यानं मीच लिहिलं. भाषा अतिशय सभ्य होती.

ताईंनी आपल्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये सुनंदाबाईंना वर्ग सुरू करून दिला. पूर्वीच्या एवढ्या मुलांपैकी तिथे तिघं जात. माझी मुलगी जायचं म्हणाली, मी लांब पडतं असं सांगितलं. वर्षभरानं तो वर्ग बंद पडला. यजमानांनी नोकरी बदलली आणि ते कुटुंब सिंगापूर सोडून गेलं. त्यांना निरोप द्यायला विमानतळावर आपल्यापैकी फक्त ताई होत्या. त्यानंतर त्यांनी मंडळात पाऊल ठेवलं नाही. आपण तर त्यांना विक्षिप्त ठरवून मोकळे झालो.

आता त्यांना पंचाहत्तरावं लागलं, परदेशातल्या विद्यापीठांनी त्यांचा सन्मान केला आणि आपल्याला त्या आपल्या असल्याचं आठवलं; त्यातूनच मंडळाचा हा गौरव अंक. शिष्य म्हणून लेख लिहायची परवानगी मागायला मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा केला, माझ्या मुलीची चौकशी केली. त्या बैठकीविषयी मी अडखळत काही बोलू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "मला काय सांगतोस? लेख लिहायचा तर लिही. पण झालं ते सगळं लिही, नाहीतर माझं नाव घालू नकोस."

त्यांच्याकडून नंबर घेऊन मी सुनंदाबाईंना फोन केला. त्यांनी ओळखलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या की आपली मुलं ठीक आहेत, आता मराठी बोलत नाहीत.

संपादकांनी हा मजकूर गाळायचा ठरवला तर माझा लेखच गाळावा, ही विनंती. ताईंना उदंड आयुष्य लाभो, डोळे आणि गुडघे शेवटपर्यंत साथ देवोत, हातातलं पुस्तक पुरं होवो. आपल्याला त्यांची गरज आहे म्हणून हे मागत नाही. ती गरज होती तेव्हा आपण त्यांना एकटं जाऊ दिलं. त्यांनी खूप जगावं, कारण आपल्यापैकी अजून पुष्कळांना त्यांच्या दारात जायचं आहे, आणि आपली पावलं फार सावकाश पडतात.