ओतीव पोलादाचे खड्डे

खंडेनवमीच्या सकाळी गावातल्या माजी सैनिकांच्या सभागृहात माझ्या थोरल्या भावाने रणगाड्याच्या मॉडेलवर हात ठेवला आणि लगेच उचलला. पुन्हा ठेवला. मग नखाने खरवडून पाहिलं.

"ही कोणाची गाडी हाय?" त्याने विचारलं.

ते मॉडेल मी त्याच्यासाठी तीन महिने खपून केलं होतं. त्या क्षणी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. तरीही घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहितो.

दादा फौजेत रणगाड्याचा ड्रायव्हर होता. टी-५५ चालवायचा. दफेदार म्हणून निवृत्त झाला आणि माजलगाव तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन शेती बघू लागला. काचबिंदू कळायला उशीर झाला. आता त्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं. दारात माणूस उभा आहे हे समजतं. कोण आहे ते तो बोलल्यावर. मी बीडला राहतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत इतरांच्या बातम्या दुरुस्त करण्यात सगळी नोकरी सरली. आता घरी प्लॅस्टिकची मॉडेलं जुळवतो.

टी-५५ चा संच आणला तेव्हा मी दादाला फोन केला. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा, तोफेसकट वीतभर लांब. सुटे भाग घेऊन गावी गेलो. त्याने टरेट हातात घेतलं. टरेट म्हणजे वर बसवलेला, तोफेसकट फिरणारा घुमट. त्याने त्यावरून एकदाच अंगठा फिरवला आणि परत दिलं.

"ही साबणाची वडी हाय बे."

"दादा, संच असाच येतो."

"येऊ दे की. मला काय बघायला बनवायलास का तू? हाताला लागली पायजे."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. खरं टरेट ओतीव पोलादाचं असतं. साच्यातून निघालेलं ते अंग गुळगुळीत नसतं. त्यावर बारीक खड्डे असतात, उंचवटे असतात, कुठे साच्याची शिवण राहिलेली असते. ड्रायव्हर पुढच्या झाकणातून बाहेर निघताना मागे हात टाकतो, तो टरेटच्या पुढच्या अंगाला लागतो. दादाचा हात वर्षानुवर्षं तिथे लागला होता. राजस्थानात दुपारी तिथे हात भाजायचा, म्हणून कोपराने टेकायचं, हेही त्याने सांगितलं.

गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात, गाडीच्या पत्र्यावरचे खड्डे बुजवायची ती पुट्टी मी आणली. थिनर घालून ती ताकाइतकी पातळ केली. जुन्या ब्रशने लावायची, सुकायच्या आत दात घासायच्या कडक ब्रशने टोचत जायचं आणि पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने एकदाच फिरवायचा. पत्रा सपाट करायला माणसं जी वस्तू वापरतात, ती मी सपाट प्लॅस्टिक खडबडीत करायला वापरत होतो.

चूक प्रमाणात होते. एक मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा खडा. तसं पोलाद कोणी ओतत नाही. म्हणून टरेटला हात लावण्याआधी मी प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर नमुने केले आणि दर रविवारी बसने गावी नेले. दादा ओट्यावर बसून ते चाचपायचा.

पहिल्या तुकड्याला तो म्हणाला, "ही भाकर हाय."

दुसरा, "ही बी भाकर. जास्त भाजलेली."

वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या हातची भाकर कदी एवढी चाचपून बघितली न्हाई तुमी."

"तुझी बघायला भ्या वाटतं. हात भाजतो."

"हात भाजतो म्हनं. अन् जीभ कावून भाजत न्हाई तुमची?"

तिसरा तुकडा त्याने बोलता बोलता अंगणात फेकला. चौथ्याच्या वेळी शिवण चुकली होती, त्याने ती कुठून कुठे जाते ते माझं बोट धरून दाखवलं. पाचव्या तुकड्यावर त्याची बोटं थांबली. तर्जनी पुढे गेली, मागे आली, शिवणीवर अडली, तिच्या कडेने खाली उतरली.

"हीच," तो म्हणाला. "दुपारची हाय. नुसता हात भाजायचा राह्यलाय."

तो तुकडा त्याने मला परत दिला नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवला.

त्या तुकड्याप्रमाणे मी टरेट केलं. जोडाच्या जागी वेल्डिंगची रेघ दिसायला हवी होती. त्यासाठी गळक्या नळाला लावतात ती मळायची पुट्टी दोऱ्यासारखी वळून बसवली आणि बोथट सुईने दाबत गेलो. खालच्या अंगाला आमच्याच रानातली काळी माती कपड्यातून चाळून चढवली. हिरवा रंग मुद्दाम फिका, चमक नसलेला दिला. कडांना गंज दाखवला. पूर्ण झालं तेव्हा दादाला म्हटलं, बघ. त्याने नकार दिला. फौजेत खंडेनवमीला गाड्यांची पूजा व्हायची आणि पहिलं कुंकू ड्रायव्हर लावायचा. पुऱ्या झालेल्या गाडीला आपण त्याच दिवशी हात लावणार, असं त्याने ठरवलं.

गावात ही गोष्ट पसरली. माजी सैनिकांच्या सभागृहात पूजा करायचं सरपंचांनी ठरवलं. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, त्याआधी गावात सगळे असतात, म्हणून तो दिवस सोयीचाही होता. दादाने मला एकच गोष्ट बजावली.

"गाडी सकाळीच आण. आदी कोणाच्या हाती देऊ नको."

मी दोन दिवस आधी दिली. कारण लिहायला संकोच वाटतो, पण ते लिहायलाच हवं. माझ्या जुन्या कचेरीतला छायाचित्रकार त्या दिवशी त्या बाजूला येणार होता. त्याने सभागृहात मॉडेलचा फोटो काढावा आणि तो छापून यावा अशी माझी इच्छा होती. सरपंचांच्या हातात खोकं देताना मी म्हणालो, "जपून ठेवा." आयुष्यभर मोघम वाक्यं खोडत आलो आणि नेमकं तिथे मोघम बोललो. हात लावू नका, धुऊ नका, रंगवू नका, असं म्हणालो नाही. कोणी रंगवेल हे मनातच आलं नाही. छायाचित्रकारही त्या दिवशी आला नाही. खंडेनवमीलाच येतो म्हणाला.

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड धुऊन पुसून पूजेला मांडतात. विळे, कोयते, पाना, ट्रॅक्टर. गंजलेलं अवजार पाटावर ठेवत नाहीत. सरपंचांनी खोकं उघडलं तेव्हा त्यांना गंजलेला, मातीने भरलेला, खड्डे पडलेला रणगाडा दिसला. त्यांनी पेंटरला बोलावलं. हा पेंटर दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो, पोळ्याला बैलांची शिंगंही. त्याने आपलं काम चोख केलं. मॉडेल ब्रशने धुतलं. टरेटवर लांबी भरली, तीच लांबी, न पातळ केलेली. पॉलिश पेपरने घासून सपाट केलं. वेल्डिंगच्या रेघा वर आल्या होत्या, त्या ब्लेडने तासल्या. मग शिंगांना लावतात त्या ऑइलपेंटचे दोन हात दिले, हिरवे.

हे सगळं मला नंतर कळलं. सभागृहात मॉडेल चौथऱ्यावर पांढऱ्या कापडाखाली होतं. दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता, पदकं लावली होती. वहिनींनी कुंकवाचं ताट त्याच्या हातात दिलं. सरपंचांनी कापड ओढलं. टाळ्या झाल्या. टरेट ओल्या टरबुजासारखं चमकत होतं.

दादाचा हात तिथे पोचायला तीन-चार सेकंद लागले असतील. तेवढ्यात मी त्याचं मनगट धरू शकलो असतो. धरलं नाही.

"ही कोणाची गाडी हाय?"

सरपंच हसले. "फौजीकाका, तुमचीच की. आता तुमाला दिसत न्हाई, त्याला आमी काय करावं? लई भारी चमकायलीय!"

मागच्या रांगा हसल्या. त्यात वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. पण म्हणून राग कमी होत नाही. हजार लोकवस्तीच्या गावात त्या टरेटची ओळख ज्या एका माणसाला होती, त्याला ते वाक्य ऐकवलं गेलं होतं.

"डोळे गेलेत माझे," दादा म्हणाला, "हात गेले न्हाईत." त्याने ताट वहिनींकडे दिलं. "दुसऱ्याच्या गाडीला मी कुंकू लावत नसतो."

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरला. त्याला वहिनींजवळ सोडून मी परत आत गेलो.

"हे करायला कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात?" सरपंच म्हणाले. "पूजेला गंजकं ठेवतेत का कोणी? उलट आभार माना. खर्च आमी केला."

यानंतर मी जे बोललो ते छापण्याजोगं नव्हतं. माझा आवाज बाहेर मारुतीच्या पारापर्यंत गेला, असं वहिनींनी नंतर सांगितलं. मी मॉडेल उचललं आणि निघालो. तोवर कुंकू सरपंचांनीच लावलं होतं. ते ओल्या रंगात रुतून बसलं होतं.

दसऱ्याच्या अंकात फोटो आला. माझ्याच जुन्या टेबलावरच्या कोणीतरी खाली ओळ दिली होती: 'नव्या झळाळीत रणगाडा.' ती ओळ माझ्यासमोर आली असती तर मीही तशीच सोडली असती, हे कळल्यावर मी अंक चुरगाळून चुलीजवळ टाकला.

त्याच सकाळी दादाच्या ओट्यावर बसून मी रंग काढायला घेतला. कापसाला थिनर लावून टरेटच्या मागच्या बाजूला घासलं. ऑइलपेंट निघाला, त्याखालची पेंटरची लांबी निघाली, तिच्याबरोबर माझीही निघाली. दोन्ही एकाच डब्यातल्यासारख्या. थिनरला भेद कळायचं कारण नव्हतं. मग प्लॅस्टिक मऊ पडलं आणि कापसाचे तंतू त्यात अडकले. मी थांबलो. दादा शेजारी बसला होता. वासावरून त्याला सगळं समजलं असावं.

"गेलं?"

"गेलं."

"तुला सांगितलतं मी, सकाळीच आण म्हणून."

दुपारी पेंटर आला. हातात आपट्याची पानं होती. दसऱ्याचं सोनं द्यायला तो दर वर्षी यायचा. मी उठून उभा राहिलो. त्याला काय काय ऐकवायचं ते मी रात्रीपासून ठरवलं होतं. पण त्याने आधी दादाच्या पायाला हात लावला.

"काका, काय चुकलं माझं? लई खड्डे होते. एकूण एक बुजवले. दोन दिवस घासलं मी. एक पैसा जास्त घेतला न्हाई."

दादाने खिशातून तो पाचवा तुकडा काढला. पेंटरचा हात ओढून घेतला आणि त्याचं बोट तुकड्यावर ठेवलं.

"डोळे मीट."

पेंटरने मिटले.

"ही गाडी हाय. हे खड्डे न्हाईत. हे तिचं कातडं हाय."

पेंटरचं बोट तुकड्यावर हळूहळू फिरलं, शिवणीवर आलं, थांबलं. हाताने काम करणारा माणूस तो. त्याला लगेच कळलं. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"मग हे सांगायचं न्हाई का, साहेब? मला वाटलं, तुमाला घासायला जमलं न्हाई."

ऐकवायचं ठरवलेलं सगळं तसंच राहिलं. तो तळमळून म्हणाला, मी परत करून देतो, फुकट. मी नको म्हणालो. दादा म्हणाला, "पेपर कसा फिरवायचा ते तेवढं शिकव ह्याला. चौथ्या तुकड्याला लई जोर लावलता ह्यानं." वहिनींनी त्या दोघांना चहा आणून दिला. मलाही दिला, मी तो प्यायलो नाही.

सरपंच सोनं द्यायला आले नाहीत. दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला: सभागृहातला चौथरा रिकामा दिसतो, रणगाडा परत कधी आणता, सव्वीस जानेवारीला पाहुणे यायचेत. नवा संच मी मागवला आहे. नव्या टरेटवर लांबीचा पहिला हात देऊन झाला, दादाने तो बोटाने तपासला, पुढच्या अंगाला अजून साबण आहे म्हणाला. ते होईल. मॉडेल त्याच्या ओट्यावर राहील आणि पुढच्या खंडेनवमीला त्याला कुंकू तिथेच लागेल.

सरपंचांना मी लेखी उत्तर पाठवलं. दोनच वाक्यं होती. रणगाडा परत येणार नाही. भर सभेत दादाला जे म्हटलं गेलं, ते त्याच्या ओट्यावर येऊन मागे घ्यावं.

त्यावर अजून काही आलेलं नाही.