सरळ केलेली वई

ध्रुवाकडची हिमनदी कशी वाहते, ते दाखवणारं मॉडेल मी कुंभिवलीच्या शेडमध्ये बनवत होतो. एका संग्रहालयाची ऑर्डर होती. बर्फ मी फ्रीजमध्येच पाहिलेला, पण आलेलं काम सोडायचं नाही हा माझा हट्ट. उतरत्या लाकडी पन्हळीत कणकेसारखी पांढरी पुट्टी भरली आणि तिच्यावर आडव्या सरळ रेषेत लाल टाचण्या खोचल्या. पुट्टी डोळ्यांदेखत हलत नाही. पण सकाळपर्यंत काठाच्या टाचण्या जागीच राहून मधल्या खाली सरकायला हव्यात.

सकाळी पाहिलं तर रांग सरळ. दुसऱ्या दिवशीही तेच. पुट्टी देणाऱ्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी मधल्या टाचण्यांपुढं बारीक भोकं दिसली, बुजत आलेली. टाचण्या कुणीतरी मागं नेल्या होत्या. शेडला तर कुलूप होतं.

चौथ्या दिवशी लवकर गेलो, तर झाडलोट करणाऱ्या मावशी मॉडेलवर वाकलेल्या. त्यांच्याकडे दुसरी किल्ली असते, हे मी साफ विसरलो होतो.

"मावशी, कशाला हात लावता?"

"रांग वाकडी झाली व्हती, दादा. सरळ केली. घरामागची वई पन अशीच वाकते. दर साली सरळ करते."

माझा राग तिथंच विझला. "मधले खुंट खाली येतात?"

"मधलेच. काठाला खडक हाय ना."

मावशींचं घर डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत. दुपारी त्यांना स्कूटरवर घेऊन तिथं गेलो; वाटेत हिमनदीचा बर्फ कसा सरकतो ते सांगितलं. घराच्या वरच्या अंगाला ती वई होती, काठ्यांचं कुंपण. दोन्ही खडकांपर्यंत मी सुतळी ताणली. काठाचे खुंट सुतळीला लागून, मधले हातभर खाली. त्यांच्या बरोबर खाली घर. ऊन कडक होतं, गवताचं पातंही हलत नव्हतं. मला फार भीती वाटली.

"डोंगर सरकतोय, मावशी."

त्यांनी सुतळीवरून नजर फिरवली. "तुमच्या त्या बर्फाचं खालच्या टोकाला काय व्हतं?"

"तुटून पडतो," मी म्हणालो. "एकदम."

सवयीनं त्यांचा हात मधल्या खुंटाकडे गेला, आणि तसाच मागं आला.

"दर साली मीच सरळ करते रं," त्या म्हणाल्या. "म्हनून कोनाला दिसलंच नाय."

मग घराकडं वळून त्यांनी सुनेला हाक मारली. "पोरांचं कपडं बांद गं."