आत्याची चिरलेली गिटार

आत्याच्या डाव्या हाताची बोटं टोकाला इतकी कठीण झाली होती, की तव्यावरची भाकरी ती सरळ त्या बोटांनी उलटायची. पाहुण्या बायका हळहळल्या की म्हणायची, "चटका बसत न्हाई मला. तारांनी कातडं मारून टाकलंय." उभं आयुष्य इलेक्ट्रिक गिटार वाजवलेल्या बाईची बोटं होती ती.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. एका ऑफिसात कारकून होती आणि राजारामपुरीतल्या आमच्या घरात मागच्या खोलीत राहायची. अख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची. जुन्या कोल्हापुरी बायकांसारखी तीही "मी येतो, मी बसतो" असंच बोलायची. तरुणपणी ती गावातल्या ऑर्केस्ट्रात होती. गणपतीत आजरा, कुरुंदवाड, कुठं कुठं कार्यक्रम व्हायचे आणि गिटार वाजवणारी बाई बघायला वेगळी गर्दी जमायची. कुरुंदवाडला एकानं पुढं येऊन विचारलं होतं, "खरंच वाजवतायसा, का नुसती धरलीया?" आत्या म्हणाली, "पावणं, स्टेजवर या आन् बोटं बघा की." तो खरंच वर आला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिच्या मागं उभा राहिला. हे सांगताना ती दरवेळी पोटभर हसायची.

गिटार लाल रंगाची, माझ्याही वयापेक्षा जुनी. तिच्या आधी ऑर्केस्ट्रात वाजवणारा गाव सोडून गेला, तेव्हा त्याच्याकडून तिनं ती घेतली होती. ऑर्केस्ट्रा बंद पडला, ती निवृत्त झाली, तरी रविवारी सकाळी मागच्या खोलीतून गिटारचा आवाज यायचाच. त्या वेळी तिला हाक मारलेली चालायची नाही. "जेवान गरम करता येतंय," म्हणायची, "लागलेला सूर न्हाई."

मग तिचा डावा हात थरथरायला लागला. तिनं सांगितलं नाही. डावा हात पदराखाली घेऊन बसायची, एवढंच आम्हाला दिसायचं. एका रविवारी भिंतीवरून काढताना गिटार निसटली आणि फरशीवर आपटली. मी धावत गेले तेव्हा ती खाली बसून नेकवरून, म्हणजे तारा ताणलेल्या त्या लांब दांडीवरून, अंगठा फिरवत होती. तारा पिळायच्या खुंट्यांच्या जरा खाली लाकूड चिरलं होतं.

"पडली," एवढंच ती म्हणाली.

शाहूपुरीत वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे आम्ही दोघी गेलो. त्यानं दांडी उजेडात धरून बघितली. "हुईल की, अक्का. पर रोज वाजवणार हायसा, का भिंतीला अडकवायला पायजे? वाजवणार असशीला तर आतनं पट्टी घालून घट्ट करतो. न्हाईतर नुसती चिकटवून देतो."

आत्यानं गिटार त्याच्या हातातून काढून घेतली. "विचार करून सांगतो," म्हणाली आणि गिटार पुन्हा रिक्षात घालून घरी आणली.

औषधांनी थरथर थोडी कमी होईल, जाणार नाही, असं नंतर मी तिला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. मी मात्र मागंच लागले होते. "दुरुस्त करून आणूया, आत्या. बरं वाटेल."

"कुणाला?" तिनं विचारलं.

घरी कुणी आलं आणि "अक्का, वाजवा की" म्हणालं, की ती पटकन सांगायची, "गिटार मोडलीया." एकदा तिनं ते इतक्या घाईनं सांगितलं, की मला उमगलं. गिटार मोडलेली होती तोवर हाताचं कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्यानंतर मी दुरुस्तीचा विषय काढला नाही.

पुढं हातकणंगल्याहून बापू आले. ऑर्केस्ट्रातले गायक. गिटार मोडली हे ऐकून म्हणाले, "मग नातीची घेऊन येतो की उद्या." आणि खरंच घेऊन आले. आत्याला काही सबब उरली नाही. तिनं खाटेवर बसून ती गिटार मांडीवर घेतली. डावा हात तारांपर्यंत गेला, पण तिथं टिकेना. बोटं एका तारेवरून दुसरीवर घसरत राहिली. बापूंनी मान खाली घातली. मग उठून हलकेच गिटार काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे, अक्का. माझाबी आवाज गेलाय. भजनात आता नुसत्या टाळ्या वाजवतो."

ते गेल्यावर आत्यानं मला तिची मोडलेली गिटार पुढं आणायला लावली. मग म्हणाली, "उद्या शाहूपुरीला दिऊन ये ती. भिंतीला अडकवायला पायजे म्हणून सांग." मी दारापाशी पोचले तेव्हा पुन्हा म्हणाली, "पर वाजवणाऱ्याला करून देतोस तशी कर म्हणावं."

गिटार आली. चिरेची बारीक रेघ राहिलीच. आता कुणी वाजवा म्हणालं, तर आत्या सरळ सांगायची, "हात गेला माझा. गिटार चांगली हाय." रविवारी ती मला गिटार घेऊन समोर बसवायची आणि खुंट्या पिळायला लावायची. मला सुरातलं काही कळत नाही. ती खाटेवर डोळे मिटून सांगायची, "चढव. अजून. जरा अजून. बास." सगळ्या तारा लागल्या, की मला त्या एकदा छेडायला लावायची आणि आवाज विरेपर्यंत हलायची नाही.

या हिवाळ्यात आत्या गेली. गिटार मागच्या खोलीतच आहे. परवा काढून बघितली, तर तारा उतरल्या होत्या. मी खाली बसून पहिली खुंटी पिळायला लागले. आवाज चढत गेला, बराच चढला. कुठं थांबायचं ते मला कळेना. खुंटी तशीच धरून मी रिकाम्या खाटेकडं बघत बसले.