मऊ टायर आणि कळवणच्या पुढचा रस्ता

"ताई, जड एसयूव्हीला कुठले टायर घ्यावेत?" या ब्लॉगवर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आजवर त्याचं उत्तर माझा नवरा विलास द्यायचा आणि मी टाइप करायचे. गाडी त्याची, हौस त्याची, लिखाण माझं, अशी आमची वाटणी होती. या वेळी टायर मी निवडले आणि गाडीही मीच चालवली. प्रवास आनंदाचा नव्हता. तेव्हा डोंगरांचे फोटो बघायला आला असाल तर आधीच सांगून ठेवते, यात एकही फोटो नाही.

विलासला कॅन्सर आहे आणि तो मणक्यात पोचलाय. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, कुठे जायचं असेल तर आत्ताच जाऊन या, फक्त दणके बसू देऊ नका. विलासला एकाच ठिकाणी जायचं होतं. कळवणच्या पुढे, गावी, आईकडे. आई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना आम्ही 'पाठीची शीर दबलीय' एवढंच सांगितलं होतं. विलासचा हट्ट असा, की गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरायचं, आईसमोर ताठ उभं राहायचं, मांडी घालून जेवायचं आणि तिला काही कळू न देता परत यायचं. मला तो शुद्ध वेडेपणा वाटला. पण मरायला टेकलेल्या माणसाशी कसं भांडतात ते मला कोणी शिकवलेलं नाही.

अडचण गाडीची होती. दोन टनांच्या वरचं ते धूड, आणि त्याला विलासने लाडाने लावलेले ऑल-टेरेन टायर. वर रबराचे मोठमोठे ठोकळे, बाजू दगडासारखी कडक. चिखलात आणि खडकाळ वाटेवर त्यांना तोड नाही, हे मी इथेच कितीदा लिहिलंय. पण डांबरी रस्त्यावर ते अखंड घुमतात आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा सीटपर्यंत पोचवतात. गावाला तर ते टायर म्हणजे विलासची ओळख झाले होते. माझे धाकटे दीर, रमेश भाऊजी, दर खेपेला म्हणायचे, "दादा, ट्रॅक्टरचे काढून लावले का रे?" आणि हा खूश.

नाशिकात मुंबई नाक्याजवळच्या टायरच्या दुकानात मी एकटीच गेले. दुकानदार ठोकळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "मॅडम, निम्मं लाइफ बाकी आहे यांच्यात. कशाला काढता?" मला त्या टायरांचा असा काही राग आला की विचारू नका. "काढा," एवढंच म्हटलं.

विलास घरून व्हिडिओ कॉलवर होता. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने मला ड्रायव्हरच्या दाराच्या आत चिकटवलेली पट्टी वाचायला लावली. साइज, आणि टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा. "हायवेचे टायर घे, पण वजनाचा आकडा खाली येऊ देऊ नकोस. दिसायला तोच टायर, पण हलक्या गाडीचा असला तर या गाडीखाली वर्षभरही टिकायचा नाही." मी विचारलं, हवा थोडी कमी ठेवली तर तुला आराम पडेल ना? त्यावर तो जवळजवळ ओरडलाच. "अजिबात नाही! एवढ्या वजनाखाली हवा कमी झाली की दोन्ही कडा झिजतात. टायर तापतो आणि घाटात फुटतो. हवा सकाळी टायर थंड असताना तपासायची आणि पट्टीवर लिहिलीय तेवढीच भरायची." त्याचा आवाज इतका खणखणीत मी कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता. अलाइनमेंट करून घेतली. टपावरचं कॅरिअर आणि पुढचा लोखंडी बंपरही त्यानेच उतरवायला लावला, वजन कमी तेवढी झीज कमी म्हणून. चार टायरांच्या किमतीत नवी कोरी मोटारसायकल आली नसती, पण बरी जुनी नक्की आली असती.

सकाळी नाशिकरोडहून निघालो. डावी सीट मागे पाडलेली, कमरेखाली तीन उशा. दिंडोरीपर्यंत रस्ता छान आहे, दोन्ही बाजूंना छाटणी झालेल्या द्राक्षबागा नुकत्या पालवलेल्या. नव्या टायरांचा आवाज जवळजवळ नव्हताच. विलास म्हणाला, "गाडी चालूच नाही असं वाटतंय," आणि ते कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही. वणीला थांबलो. तिथल्या टपरीवर मिसळ झणझणीत असते, पण त्याने अर्धा कप चहाच घेतला. नांदुरीकडून कळवणला जाताना ब्रेकवर पाय टाकायचा नाही, लांबूनच वेग उतरवायचा, हे तोच शिकवत होता. एरवीही असंच चालवा. अचानक ब्रेक आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळणं, याने जड गाडीचे टायर सगळ्यात लवकर संपतात.

खरी परीक्षा शेवटी होती. मोठ्या रस्त्यावरून मळ्याकडे जाणारी कच्ची वाट पावसाने पार उखडून टाकली होती. तिथे मऊ टायर काय करणार? मी पहिल्या गिअरमध्ये गोगलगायीसारखी नेली, तरी प्रत्येक खड्ड्याला त्याच्या तोंडून आवाज निघायचा. मग त्याने टॉवेल दातांत धरला. मी समोर बघून रडत होते आणि गाडी चालवत होते.

पण तो उतरला. दाराला धरून क्षणभर थांबला आणि ताठ उभा राहिला. आई ओट्यावरून म्हणाल्या, "आला का इलास? लय वाळला रं." तो हसून म्हणाला, "डाएट चालूय, आई." मग मांडी घालून बसला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. पाऊण भाकरी खाल्ली त्याने. मला त्याचा फार अभिमान वाटला.

जेवण झाल्यावर तो आत आडवा झाला. मी बाहेर आले तर रमेश भाऊजी गाडीजवळ उकिडवे बसलेले, हात टायरवर.

"वहिनी, दादाचे टायर कुढं गेले?"

"जुने झाले होते."

"खोटं नका बोलू. दादा उपाशी राहील, पण ते टायर काढायचा नाय." ते टायरकडेच बघत होते. "काय झालंय त्याला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी उठून ट्रॅक्टर चालू केला आणि निघून गेले. मला वाटलं, एकटं राहावंसं वाटत असेल. संध्याकाळपर्यंत लांबून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आईंनी विचारलं तर म्हणाले, "कांद्याच्या गाड्या यायच्यात, वाटेला मुरूम टाकतोय."

दुसऱ्या दिवशी निघालो. वाट सुरू होताच विलासने टॉवेल दातांत धरला, डोळे मिटले. दणका आलाच नाही. सगळी वाट मुरूम टाकून, पाणी मारून, ट्रॅक्टरने दाबून काढली होती, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. विलासने डोळे उघडून वाटेकडे बघितलं.

"रमेशला तू सांगितलंस?"

"त्यांनी टायर बघितले."

तो तोंड खिडकीकडे वळवून रडला.

आता हिशोब मांडते. येण्याजाण्याचं डिझेल, चहापाणी धरून अगदी मामुली खर्च. टायर विचाराल तर, डांबरावरच फिरणार असाल तर हायवेचे घ्या, रुबाबासाठी ठोकळे लावू नका. हवा जपा आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करा. आमचे नवे टायर अजून कोरेच आहेत. तो प्रवास झाल्यापासून गाडी जागची हललेली नाही.

परत आल्यावर चारेक दिवसांनी आईंचा फोन आला. "रमेश म्हन्तो, कांद्याच्या गाड्यांसाठी मुरूम टाकला. कांद्याच्या चाळीत एक कांदा नाय, सुमन. कोनासाठी टाकला, ते तू सांग." "आई," एवढंच मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी रमेश भाऊजींबरोबर एसटीने त्या दारात हजर.

आवाज ऐकून विलास कोपरावर उठू लागला. पाय खाली सोडले, कपाळावर घाम. आई झपाट्याने आत गेल्या आणि त्याच्या छातीवर हात ठेवून त्यांनी त्याला मागे निजवलं.

"नको उठू. त्या दिशी उभा राह्यला तव्हा तुझे पाय लटलटत व्हते. मी पाह्यलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला दाखवायचं व्हतं ना, म्हनून पाह्यलं. आता पुरं."

विलास आडवा झाला. त्यानंतर त्याने उठायचा प्रयत्न केलेला नाही. आई उशाशी बसून असतात.