लोरेलची गुटी

तमालपत्राच्या पानावर देठाकडून टोकाकडे तीन शिरा धावतात. लोरेलच्या पानावर मधली एकच ठळक असते. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षी हा फरक शिकवला गेला तेव्हा मला नमुना पाहावा लागला नाही. आरोंद्याला आमच्या कुंपणापलीकडे, शेजारच्या ख्रिस्ती मास्तरीणबाईंच्या दारात, लाकडी पिंपात लोरेलचे झाड होते. वाडीतल्या बायका त्याला ‘फिरंगी तमालपत्र’ म्हणत, आणि मास्तरीणबाईंना सगळे नुसतेच ‘बाय’ म्हणत.

बायचे माहेर गावालगतच्या खाडीच्या पैलतीरावर, गोव्यात. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या तेव्हा त्यांनी हे रोप होडीतून मांडीवर धरून आणले होते. मी शाळेत असताना पोर्तुगिजांच्या गोव्याची हद्द बंद झाली आणि होड्या थांबल्या. स्वच्छ उजेडात आमच्या काठावरून त्यांच्या माहेरच्या घराची कौले दिसत. जाता मात्र येत नसे. त्यानंतर बाय त्या झाडाची निगा अधिकच काटेकोरपणे घेऊ लागल्या, असे मला वाटे.

निगा सोपी नव्हती. लोरेल हे कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखातले झाड. आमच्या पावसात त्याची मुळे कुजतात. म्हणून पिंप चिऱ्यांवर चढवलेले, मातीत निम्मी रेती. आमच्याकडे माडाला मीठ घालतात, केळीला मासळी धुतलेले पाणी. लोरेलला यांतले काहीच चालत नसे. पानांच्या पाठीवर खवल्यांसारखी कीड चिकटे. ती आम्ही दोघी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढत असू. निरीक्षण कसे करावे, हे मी कॉलेजात नव्हे, त्या पिंपापाशी शिकले.

मी कोल्हापूरला शिकत असताना बायच्या मुलाने, गोदीतल्या नोकरीत स्थिरावल्यावर, त्यांना मुंबईला बोलावले. दिवाळीनंतर निघायचे ठरले. पण पिंपाचा तळ केव्हाच कुजला होता. चिऱ्यांच्या फटींतून मुळे जमिनीत उतरली होती. झाड हलवणे शक्य नव्हते.

“अख्खा झाड माका नको गो,” बाय मला म्हणाल्या. “मुळां असलेली एक फांदी दी. मुंबैक ग्यालरीत ठेवीन. माज्या आवयच्या दारातला तेवढाच रवला आसा.”

लोरेलची नुसती फांदी खोवली तर सहसा लागत नाही. म्हणून मी गुटी बांधायचे, म्हणजे फांदीला झाडावरच मुळे आणायचे ठरवले. पावसाच्या सुरुवातीला एका निरोगी फांदीची बोटभर साल गोलाकार काढली, त्यावर ओले शेवाळ आणि नारळाच्या सोडणाचा भुसा दाबला, वर गोणपाट गुंडाळून सुंभाने आवळले. मुळे फुटायला काही महिने लागणार होते. दिवाळीच्या सुटीत येऊन गुटीखाली फांदी कापायची आणि बायच्या हाती द्यायची, असा हिशेब होता.

आमच्याकडे एक समज आहे: मागून नेलेले रोप मरते, चोरलेले जगते. बाय जाणार हे कळल्यावर वाडीतल्या प्रत्येक घराला त्यांची आठवण हवी झाली. गणपतीला मी घरी आले तेव्हा फांद्यांची ही चोरी रंगात आली होती. दुपार झाली की बाय पडवीत झाडाकडे पाठ करून बसत, कारण मालकिणीने पाहिले तर चोरी कसली?

“आज कोण चोर इलो गो?” त्या भिंतीकडे पाहत विचारत.

“मांजर आसा, बाय!” झाडामागून उत्तर येई आणि पाठोपाठ हसू.

मीही हसले. चोरलेली एकही फांदी लागणार नव्हती, हे मला ठाऊक होते. गुटी ओली आणि घट्ट होती. ती सर्वांना दाखवून, पण कशासाठी ते न सांगता, मी कोल्हापूरला परतले.

दिवाळीला आले तेव्हा आईने बॅगही खाली ठेवू दिली नाही. हात धरून विहिरीपाशी नेले. तिथे एक फांदी रोवलेली होती. पाने तपकिरी, भोवती राख आणि मासळीच्या पाण्याचा ओला गोल.

“तुज्यासाठी चोरलंय,” आई म्हणाली. “फणसाक सुंभ बांधतत तशी तू खूण करून ठेवलेलंस मां? म्हटलंय, दुसऱ्या कोणी नेव नये.”

सामाईक फणसावर आपल्या वाट्याच्या फळाला सुंभ बांधण्याची आमच्याकडे रीत आहे. आईने माझे गोणपाट तसेच वाचले होते. फांदी तिने सुरीने गुटीखालीच कापली, आणि रोवताना अडचण नको म्हणून गुंडाळलेले सगळे सोडून टाकले.

ते गोणपाट मला पिंपामागे सापडले. फांदी उपटून पाहिली. कापलेल्या सालीच्या कडेला, आता वाळून गेलेले, तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके होते. मुळे येत होती.

बायना मी ते दाखवले. त्यांनी ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

“सुरयेचो आवाज आयकलंय मी,” त्या म्हणाल्या. “पाठ करून बसलंय मां. फिरान बघतलंय कसा?” मग माझा हात दाबून, “तुज्या आवयक सांगू नको हां. तिना मायेन चोरलेला.”

बाय सुकलेल्या पानांचा एक डबा घेऊन मुंबईला गेल्या. त्यांच्या पुतण्याने तिथे नवे घर बांधताना झाड तोडून पिंपाची जागा मोकळी केली. हद्द उघडली तेव्हा बाय हयात नव्हत्या.

होड्या सुरू झाल्यावर मी पैलतीरावर गेले. त्यांच्या माहेरचे लोरेल कौलांपेक्षा उंच वाढले होते. बायच्या वहिनीची रीतसर परवानगी घेऊन मी गुटी बांधली, आणि मुळे गोणपाटाबाहेर डोकावेपर्यंत थांबून ती कापून आणली. चिऱ्यांवर कुंडी, मातीत निम्मी रेती.

“चोरलंस मां?” आईने विचारले.

“होय,” मी म्हणाले.

झाड जगले आहे. चोरलेलेच जगते, असे आई वाडीभर सांगते, आणि कुंडीपाशी मासळीचे पाणी घेऊन आली की मी तिला केळीकडे वळवते. सुटीत घरी असले की पानांच्या पाठी पुसते. पिंपाच्या दोन बाजूंना मी आणि बाय समोरासमोर बसत असू. एकटीने पुसायला दुप्पट वेळ लागतो.