वीस मिनिटांचं काम

वरोऱ्याबाहेरच्या बिजलीच्या बटणांच्या कारखान्यात सत्याऐंशी साली रोबोट आला. आयटीआय झालेली म्हणून सत्यशीलाला त्याच्यावर उभं केलं. रोबोट दिवसाला आठ हजार बटणं जोडायचा, पण एकाच जातीची. जात बदलायची म्हणजे जुने साचे उतरवा, नवे बसवा, ते जुळवा. अख्खी पाळी त्यात जायची. म्हणून लहानसहान ऑर्डरी मागच्या शेडमध्ये अकरा बाया हातानं जोडत, आणि गिऱ्हाईक तीन-तीन आठवडे ताटकळत बसे. त्या अकरांत सत्यशीलाची शेजारीण मंगली होती. दुपारी दोघी डबे एकत्र उघडत.

साचे बदलताना रोबोट रिकामा उभा राहतो, हे सत्यशीलाला सलायचं. एक दिवस ती सुपरवायझर लटारूभाऊंना म्हणाली, "भाऊ, मशीन चालू असतानाच दुसरे साचे गाड्यावर जुळवून ठेवले तं? बोल्टच्या जागी खिट्ट्या लावू."

"करून पाह्य," ते म्हणाले.

महिनाभर ती त्यातच खपली. पाळीभराचं काम वीस मिनिटांवर आलं. सकाळी एक जात, दुपारी दुसरी. तीन आठवड्यांचा माल चार दिवसांत निघू लागला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. मंगलीनंही वाजवल्या.

पुढच्या सोमवारी मागच्या शेडला कुलूप होतं.

संध्याकाळी सत्यशीला मंगलीकडे गेली. मंगली तांदूळ निवडत बसली होती.

"मंगले, मले ठाऊक नव्हतं व."

"तुले कसं ठाऊक असन? बस. चहा ठेवतो."

मंगलीनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. सत्यशीलानं चहा घेतला. रडू येईल असं तिला वाटलं होतं. तेही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. "गाड्यावर साचे जुळवाले माणसं तं लागतीनच. त्या बायांलेच घ्या ना."

साच्यांवरचे नंबर-नावं वाचावी लागत, म्हणून साहेबांनी वाचता येणाऱ्या दोघींनाच घेतलं. मंगलीला वाचता येत नव्हतं. ती धानाच्या रोवण्याला नागभीडकडे भावाच्या गावी गेली आणि तिकडेच राहिली.

नव्या दोघींना सत्यशीलानं खिट्टी बसवायला शिकवलं. एकीनं विचारलं, "ताई, हे कोनं काढलं?"

"इथीच निघालं," ती म्हणाली आणि पुढचा गाडा ओढून घेतला.