भोंगेवाले चाचा आणि पाठमोरा संगणक

भोंगेवाल्या चाचांना खुर्चीतून उठायचा भयंकर कंटाळा. धानोऱ्यात बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांचं लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. दुकानाच्या मधोमध एक लोखंडी खुर्ची आणि तिच्याभोवती सगळा संसार आढ्याला दोऱ्यांनी लटकवलेला: पक्कड, टेस्टर, टेपची गुंडाळी, चष्मा, हंगामात केळ्यांची फणीसुद्धा. चाचा बसल्या जागी हात वर करायचे आणि हवं ते झाडावरून तोडावं तसं घ्यायचे. आत येणाऱ्या गिऱ्हाइकाचं डोकं मात्र पकडीवर आपटायचं. चाची म्हणायच्या, "एवढा आळशी माणूस अख्ख्या तालुक्यात नाई." चाचांचं उत्तर तयार असायचं. "आळशी माणूसच चांगला मिस्त्री होते. मेहनती माणूस उठते आन् घेऊन येते. त्याले डोकं लावाचं कामच काय?"

हा माणूस दिवसातून कितीतरी वेळा माझ्यासाठी उठायचा, म्हणून तर त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे.

मी मूळची सावली गावची. उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, पायाला बांधायच्या लोखंडी कॅलिपरवर आणि काठीवर चालते. चंद्रपूरच्या एका संस्थेने धानोऱ्यात संगणक केंद्र काढलं आणि ते सांभाळायला मला नेमलं, तेव्हा घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. जंगलाचा मुलूख, एकटी पोरगी, त्यात अशी. मी हट्टाने गेले. स्वतःच्या कमाईची खोली, स्वतःच्या नावाने येणारी चिठ्ठी, आणि "बाई, तू बस, आम्ही करतो" म्हणणारं कुणी नाही. एवढंच मला हवं होतं आणि त्यासाठी मी सावलीचा तांदूळ आणि आईच्या हातचं वरण सोडलं होतं.

केंद्र म्हणजे चाचांच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे एक खोली आणि दोन संगणक. उंदीर आणि वाळवीच्या भीतीने संस्थेच्या सुताराने टेबलं पेटीसारखी बंद केली होती. संगणकाचा डबा खाली, थेट जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसवलेला. समोर एक बटण आणि सीडीचा कप्पा. बाकी सगळ्या वायरी खुपसायची भोकं मागे, अंधारात. त्या वर्षी पेन ड्राइव्ह नुकते आले होते. मास्तर लोक आणि वनखात्याचे बाबू ते ताईतासारखे गळ्यात घालून फिरायचे. कुणी आलं की पेन ड्राइव्ह मागे खुपसायचा, काम झालं की काढायचा. धडधाकट माणसाला वाकून, हात घालून जमेल असं काम. मला जमिनीवर बसायचं म्हणजे आधी कॅलिपरची कडी सोडायची, मग काठी टेकायची, मग भिंत धरायची. उठणं त्याच्याहून अवघड. तोवर गिऱ्हाईक छताकडे बघत उभं.

मग मी खिडकीतून हाक मारायचे, "चाचा!"

रस्त्यापलीकडून ते यायचे. लुंगी सावरत जमिनीवर आडवे व्हायचे, टॉर्च दातांत धरायचे आणि पेटीत डोकं घालायचे. आतून त्यांची कुरकुर ऐकू यायची. "हे बनवणारा कोन होता बे? तोंडाचं काम पाठीकडं देऊन राह्यला!" पेन ड्राइव्ह पहिल्यांदा उलटाच लागायचा. मग अल्लाचं नाव घेऊन सुलटा. बाहेर येताना मिशीला जाळी लागलेली असायची. त्यांनी कधी मला "तू राहू दे" असं म्हटलं नाही. ते संगणकाला शिव्या द्यायचे, माझ्या पायाकडे बघायचे नाहीत.

पण लग्नसराई आली की चाचा गावोगाव मांडवात. त्यांचं माइक तपासणंही त्यांच्यासारखंच. "हॅलो हॅलो" त्यांना आवडायचं नाही, काहीतरी कामाचं बोलावं म्हणून ते बसच्या वेळा सांगायचे. "गडचिरोलीची गाडी फलाटाले लागली हाय, लवकर या." एका लग्नात हे ऐकून नवरदेवाचा मामा ताट सोडून स्टँडकडे पळाला, आणि वरातीत त्याला शोधायला माणसं धाडावी लागली. चाचांनी बसच्या वेळा सांगणं तरीही सोडलं नाही. म्हणाले, "मामाच उतावळा हाय, माइकचा काय दोष?"

अशाच एका लग्नाच्या दिवशी ते नसताना बचत गटाच्या बाया फोटो घेऊन आल्या. लुगड्यातल्या बायांना जमिनीवर आडवं व्हा कसं सांगणार? त्यांच्याबरोबरच्या एका गुरुजींनी पेटीत हात घातला आणि पेन ड्राइव्ह लावायच्या नादात विजेची वायरच ओढली. त्यांचाच सकाळपासून टाइप होत असलेला मजकूर गेला. गुरुजींनी चंद्रपूरला तक्रार केली. संस्थेच्या साहेबांचा मला फोन आला. ओरडले नाहीत, तेच वाईट. गोड आवाजात म्हणाले, "तुमची अडचण आम्ही समजू शकतो. पुढच्या महिन्यात मी पाहायला येतो. प्रत्येक वायरीसाठी दुसरा माणूस लागत असेल, तर तिथे दुसराच माणूस ठेवलेला बरा. तुमचंही घरच्यांकडे बरं होईल."

मी फोन ठेवला आणि चाचांच्या दुकानात जाऊन बसले. माझं डोकं पकडीवर आपटलं. रडायला कारण हवंच होतं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुयात काई खोट नाई, बेटी. भोक तुया हाताजवळ आणू. मांडवात मी काय करतो? सारे कनेक्शन एका पाटीवर, हाताखाली. अंधारात बी चुकत नाई."

त्यांनी सागवानाची सुंदर पाटी केली, रंधा मारून, पॉलिश देऊन. ती माझ्या खुर्चीजवळच्या भिंतीवर ठोकली आणि तिथून संगणकापर्यंत साऱ्या खोलीला वळसा घालून वायर फिरवली. पेन ड्राइव्ह लावायची एक जोडवायर मिळवून ती मधोमध कापली, आतल्या चार बारीक तारा भोंग्याच्या वायरीला पिळून जोडल्या, वर काळी टेप. थाटात म्हणाले, "लाव." मी लावला. काही होईना. पुन्हा लावला. संगणक ढिम्म. चाचांनी कान पुढे करून विचारलं, "आवाज वाढव ना जरा."

मला हसूही येईना. म्हटलं, "चाचा, हे आवाजाचं काम नाही. यात वायर फार लांब चालत नाही, आणि अशी पिळूनही चालत नाही." मला तरी कुठे ठाऊक होतं? आधी चंद्रपूरच्या संगणकवाल्या दुकानदाराला फोन केला होता, तेव्हा कळलं. चाचांचा चेहरा पडला. "कोसभर भोंगा नेला मी," ते पुटपुटले, "आन् हे इथल्या इथी हरते?" आयुष्यभर एकच धंदा केलेला माणूस. तार लांबवली की आवाज पोचतो, हा त्यांचा धर्मच होता. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा अर्धा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. म्हणाले, "तार नाई येत तं डबा येईन." पेटीची एक बाजू करवतीने कापून काढली. अॅम्प्लिफायर ठेवायचा त्यांचा लाकडी घोडा माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला आणला आणि संगणकाचा डबा त्याच्यावर चक्क उलटा ठेवला, तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. एसटीच्या ड्रायव्हरकडून गडचिरोलीहून तयार आखूड वायरी मागवल्या आणि ती सागवानाची पाटी टेबलाच्या कडेला ठोकून त्यांची टोकं तिच्यावर बसवली. पेन ड्राइव्हसाठी दोन, हेडफोनसाठी एक, कॅमेऱ्यासाठी एक. उंदरांसाठी मागे जाळी. आता मी खुर्चीत बसून, न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून काहीही लावू शकत होते. मी पेन ड्राइव्ह लावला, काढला, परत लावला. चाचा म्हणाले, "घासून टाकशीन का?"

दिसायला मात्र ते ध्यान होतं. वायरी उघड्या, डबा पाठमोरा. आलेला जो तो विचारी, "मॅडम, हा काऊन रुसून बसला?" चाचा रस्त्यापलीकडून ओरडायचे, "रुसू द्या! काम तं करून राह्यला ना?"

मला काळजी वेगळीच होती. टेबल संस्थेचं, कापलं आम्ही. साहेब काय म्हणतील? चाचांना बजावून ठेवलं होतं, "त्या दिवशी तुम्ही दुकानात थांबा. काही अडलं तर मी हाक मारीन." ते "हो, हो" म्हणाले.

साहेब आले त्या सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर चाचांच्या दुकानाचं शटर खाली. चाचीही दिसेनात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेमका आजच कुणाच्या मांडवाला गेला हा माणूस? साहेबांनी कापलेलं टेबल पाहिलं, उलटा डबा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या. मग खिशातून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढे धरला. पुढे कॅमेरा दिला. मग म्हणाले, दुसऱ्या संगणकावर हेच करून दाखवा. चाचांनी तोही तसाच करून ठेवला होता. माझे हात सगळीकडे पोचत होते. हाक मारावी असं मनात दोनदा आलं. हाक मारायला समोर कुणी नव्हतं, म्हणून मीच केलं.

जाताना साहेब म्हणाले, "टेबल कापायच्या आधी विचारायचं होतं." आणि थोडं थांबून, "चालू द्या."

संध्याकाळी शटर वर गेल्याचा आवाज आला तशी मी काठी आपटत गेले. "कुठे गेले होते?"

"स्टँडवर बसून होतो."

"दिवसभर? आणि मी इथे मेले असते तर?"

चाचा चष्मा पुसत राहिले. "मी इथी असतो तं तू हाक मारली असती," ते म्हणाले. "आन् मी आलो असतो. मले राहवलं नसतं. मंग तो साहेब काय म्हणला असता?"

मी कडाकडा भांडले. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी वर हात करून मला एक केळं तोडून दिलं.

त्यानंतर कामासाठी त्यांना बोलवावं लागलं नाही. तरी मी बोलवायचेच. चहा झाला, या. केंद्रात शिकणाऱ्या मुलींचा निकाल लागला, या. काही नाही, नुसते या. ते कुरकुरत उठायचे आणि यायचे. पुढे संस्थेने मला चंद्रपूरच्या मोठ्या केंद्रावर नेलं. त्याच सुमारास लग्नांत डीजेच्या गाड्या आल्या आणि चाचांचे भोंगे दुकानातच टांगून राहिले. मी सणासुदीला फोन करायचे. "बरा हाय, तू तुयं काम कर," एवढं बोलून ते फोन चाचींकडे द्यायचे.

ते गेल्याचं मला दफन झाल्यावर कळलं. मी गडचिरोलीला गाडी बदलून धानोऱ्याला गेले. चाची दाराशीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "तीन महिन्यांपासून खाटेवरच होते, बेटी. पाण्याच्या गिलासापर्यंत बी हात जात नव्हता. म्या कितीक वेळा म्हटलं, पोरीले फोन लावू. ऐकतच नव्हते. म्हणत, दोन गाड्या बदलून येईन ते, तिचं काम बुडते."

मी तिथेच पायरीवर बसले. कडी सोडायचंही भान राहिलं नाही. मला त्यांच्याशी भांडायचं होतं, त्या संध्याकाळपेक्षा मोठ्या आवाजात. तो गिलास मला जवळ सरकवून द्यायचा होता. चाचा, मी आले असते. दहा गाड्या बदलून आले असते. त्या रस्त्यावर मी तुम्हाला किती हाका मारल्या. तुम्ही मला एकही मारली नाही.